मनगटापासून तीन बोटं

पहिलं बोट

सत्यवानाने बायकोचा हात मांडीवर उताणा घेतला, मनगटाच्या रेघेवर आपली तीन बोटं आडवी टेकवली आणि तिसऱ्या बोटापलीकडे, दोन शिरांच्या मधोमध, अंगठा रोवला.

"हय मा?"

"हय." यशोदेने डोळे मिटले.

"बरा वाटता?"

"वाटता. पण वायंच हळू. भोक पडात."

बोटांनी मोजायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. जाळं विणताना दोन गाठींमधली फट तो जन्मभर बोटांनीच मोजत आला होता. आपल्या तीन बोटांतून निसटेल असा बांगडा अजून जन्माला यायचाय, असं तो स्वतःच सांगायचा.

दाबून झालं की यशोदा हात काढून घ्यायची. "जावा आता. होडयेर वाट बगतत." तो जायचा. माडांच्या सावलीतून किनाऱ्यावर उतरेपर्यंत त्याची छाती दोन बोटं पुढे आलेली असायची.

"काय डागतर?" दत्ताराम होडीवरूनच ओरडायचा. "होडी ईक आनि दवाखानो घाल!"

"घालतलंय. पयली सुई तुका टोचतलंय."

दुसरं बोट

हे दाबणं सुरू झालं ते सुनामी होऊन गेली त्या हिवाळ्यात. यशोदेच्या छातीतली गाठ काढून झाली होती आणि गोव्याच्या इस्पितळात सलाइनमधून औषध सुरू झालं होतं. पहिल्या खेपेनंतर परत येताना सावंतवाडीपासून मालवणपर्यंतचा रस्ता तिने एसटीच्या खिडकीतून ओकून काढला. घरी आल्यावर पाणीसुद्धा पोटात ठरेना. गोळ्या होत्या; त्याही बाहेर. माशांची टोपली डोक्यावर घेऊन गावं पालथी घातलेली बाई, पण नवरा समुद्रावरून आला की आता नाकाला पदर लावायची.

"माका परत थंय नेव नकात," तिने सांगून टाकलं. "मराचा तर हयच मरान."

खेपा अजून बऱ्याच बाकी होत्या. अर्धं औषध म्हणजे अर्धी होडी, एवढं सत्यवानाला कळत होतं. दुसऱ्या खेपेला त्याने तिला कसं नेलं ते त्याचं त्याला माहीत. शपथा घातल्या, देवाला सांगितलं, शेवटी एसटीच्या पायरीवर तिची पिशवी ठेवून स्वतः खाली रस्त्यात बसला.

त्या दिवशी तिथे डॉक्टर वेनेसा होती. सलाइन लावायच्या आधी तिने यशोदेच्या दोन्ही मनगटांत केसाएवढ्या सुया टोचल्या. सुयांना बारीक चिमटे, चिमट्यांना वायरी, वायरी एका छोट्या डब्यात. तिने बटण हळूच फिरवलं, तशी यशोदेची बोटं आपोआप थरथरू लागली.

सत्यवान उभाच राहिला. "करंट देतात?"

"सेलवर चालतो, काका. मुंग्या आल्यासारखं वाटेल, एवढंच. गोळ्यांच्या जोडीला याचा उपयोग होतो. सगळ्यांना सारखाच होतो असं नाही."

"मुंगये येवंदेत," यशोदा खाटेवरून म्हणाली. "ओकारी नको."

आणि त्या दिवशी परतीच्या एसटीत तिने चक्क अर्धं केळं खाल्लं. ती ते केळं खाताना सत्यवान असा बघत होता, जणू तिने कुणाची तरी होडी बुडता बुडता ओढून काढली.

निघताना वेनेसाने सांगितलं होतं, "घरी मशीन नसणार. तिथे हीच जागा अंगठ्याने दाबायची. मनगटापासून तीन बोटं. आणि हे बघा काका, बोटं मोजताना..."

पण सत्यवान तोवर आपला पंजा पसरून मोजायला बसला होता.

तिसरं बोट

"ही शेवटची," तिसऱ्या खेपेला निघताना यशोदा म्हणाली. "तुमी इतक्या मायेन दाबतात म्हणान येतंय. फुडे नाय."

वेनेसाने वजनाच्या काट्याकडे बघितलं, मग यशोदेकडे.

"एवढं उतरलं? घरी उलट्या होतात का?"

"नाय वो बाई. ह्यांनी दाबल्यानी की रवतत."

"काका, कसं दाबता, दाखवा बघू."

सत्यवानाने बाही सरकवली. बायकोचा हात मांडीवर घेतला, तीन बोटं टेकवली, अंगठा रोवला आणि शाबासकीची वाट बघत वर पाहिलं.

वेनेसा हसली नाही. तिने त्याचा पंजा अलगद उचलला. यशोदेचाच दुसरा हात घेऊन तिची तीन बोटं त्याच मनगटावर ठेवली. बारीक, सुकलेली बोटं.

"ज्याचं मनगट, त्याचीच बोटं, काका. तुमची तीन म्हणजे यांची जवळजवळ पाच होतात."

तिने पेनाने ठिपका काढला. ठिपक्याखालची कातडी स्वच्छ होती. तिथून बरंच वर, कोपराच्या बाजूला, सत्यवानाच्या अंगठ्याएवढा हिरवट-काळा डाग पडला होता.

डबा सुरू झाला. यशोदेची बोटं थरथरू लागली. वेनेसा दुसऱ्या खाटेकडे गेली.

सत्यवान बराच वेळ त्या डागाकडेच बघत होता.

"बरा वाटता म्हणान कित्याक सांगलंस?"

"वाटता म्हणान."

"आनि ओकारी?"

यशोदा वरच्या पंख्याकडे बघू लागली. "ती तुमी गेल्यार. माडाच्या मुळात." मग त्याच्याकडे वळून, "सांगलंय आसता तर तुमी दाबूचा सोडल्यात आसता."

त्याने डागावरून बोट फिरवलं. दाबलं नाही.

अंगठा

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओटीवर. त्याने तिचा हात घेतला, तिचीच तीन बोटं मोजली आणि ठिपका धुऊन गेला होता तिथे अंगठा टेकवला.

"हळू."

"हळूच."

तिच्या कपाळावर घाम होता. एकदा तिने घाईने पदर तोंडाशी नेला. तो थांबला. पदर खाली आला.

किनाऱ्यावरून हाळी आली. रापण लागली होती, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते लांब जाळं. हाळी ऐकू आली की जेवणाऱ्याने ताटावरून उठायचं आणि दोरीला हात लावायचा, ही इथली जुनी रीत. सत्यवान आजवर एकदाही चुकला नव्हता.

"सत्यवानाऽऽ! येतंस मा रे?"

"जावा," यशोदा म्हणाली. "बरा वाटता माका."

तो उठला नाही. ती हे याच आवाजात म्हणायची, रोज.

"वडा रे तुमी!" तो बसल्या जागेवरून ओरडला. "माजे हात गुतलेत!"

खालून दत्ताराम: "खंय गुतलेत ता आमका म्हायत आसा!" आणि सगळी दोरी हसली.

"शिरा पडो तेच्या तोंडार," यशोदा म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं. हसताना पोट हललं, तसे दोघेही दचकून थांबले. काही झालं नाही.

ऊन ओटीच्या पायरीवर चढलं. त्याचा अंगठा बधिर झाला, त्याने दुसरा लावला. तिने घोटभर पेज मागितली. त्याने मोकळ्या हाताने वाटी धरली. ती प्यायली, भिंतीला टेकली. तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला. पेज ठरली होती.

"थंय पंखो लय सोडतत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "फुडल्या खेपेक चादर घेवया."

सत्यवानाने मान खालीच ठेवली.

"निळी काय?"

"निळी नको. जाडी बगून घेवा."