निगेचा रकाना

“न्यूयॉर्कची प्राणिबाग, दोनशे पासष्ट एकर,” देवाजीनं वहीतून वाचलं. “म्हणजे आपला तलाव, खालच्या धानाच्या बांध्या, अन् मारुतीचं देऊळ, सारं त्यात मावते.”

“मावू द्या जी.” गोदावरीबाईनं भाकरी फडक्यात बांधली. “न्यूयॉर्कच्या वाघाचा पत्ता तुमाले पाठ. अन् माह्या माहेरची गल्ली दर साली चुकता.”

देवाजी हसला. लाखांदूरच्या ढोरदवाखान्यात तो वीस वर्षं ड्रेसर होता. बैलाच्या जखमा धुवायच्या, अळ्या काढायच्या, खूर बांधायचे. जुने डॉक्टर बदलून गेले तेव्हा इंग्रजी मासिकांचा गठ्ठा सोडून गेले. मास्तरांकडून अर्थ लावून घेत देवाजीनं वही भरली. जगातल्या प्राणिसंग्रहालयांची नावं आणि पुढं तीन रकाने: जागा, जनावरं, निगा. व्हिएन्नाचं सगळ्यांत जुनं, बर्लिनला जाती सगळ्यांत जास्त. पहिले दोन रकाने गच्च होते. तिसरा मात्र सगळ्या नावांपुढं कोरा. कीर्तनात बुवांनी पूर्वरंग रंगवत न्यावा आणि आख्यान लागूच नये, तशी ती वही.

“निगा कागदात नसते दिसत, खुरात दिसते,” तो म्हणायचा. एक तरी प्राणिबाग डोळ्यांनी पाहायची, एवढीच त्याची आस होती.

आज तो योग होता. भंडाऱ्यात खुरकुताची लस संपली होती. डॉक्टरांनी त्याला थर्मास देऊन नागपूरला धाडलं. “तीनची गाडी चुकवू नका. बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकेल.”

लस हाती पडली तेव्हा दीड वाजला होता. थर्मास पोटाशी धरून देवाजी चालत तिथल्या प्राणिबागेत पोचला. पोळ्याचा आदला दिवस, म्हणून गर्दी नव्हती. वाघ सावलीत झोपलेला. देवाजी तिथं थांबला नाही. कोपऱ्यातल्या जाळीआड एक गवा उभा होता. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा.

देवाजी उकिडवा बसला. खूर पाहिले, शेण पाहिलं, नाकपुडीचा ओलावा पाहिला.

“काय पाहून रायले जी एवढं?” बादली घेऊन आलेल्या रखवालदारानं विचारलं. त्याचं नाव बाबुलाल.

“खूर वेळेवर साफ होते याचं. शेण बांधलेलं हाय. पाणी ताजं देता तुमी.”

“तुमाले कसं समजलं?”

“ढोरदवाखान्यात हावो मी.” देवाजीनं वही काढली. “जगातल्या बागा लिवल्या यात. निगेचे मार्क देणं बाकी हाय.”

बाबुलाल खुशीत आला. “मंग लिवा ना. लंडनच्या वर टाका आमाले.”

देवाजीनं पेन्सिल जिभेला लावली. गव्याच्या मानेकडं पाहिलं. भरदार खांदा, जुवाचा एकही घट्टा नाही.

“याची जोडी?”

“मादी गेली दोन साल झाले. तवापासून एकटाच. खाते-पिते बरोबर. पण सांजच्याला त्या भिंतीकडं तोंड करून उभा रायते.” बाबुलालनं बादली खाली ठेवली. “तुमच्या इकडं आज बैलांचे खांदे शेकत असतीन. घरी किती बैल हायेत?”

“वावर नाई, बैल कुठचे?” देवाजी म्हणाला. “लोकायच्याच बैलायले हात लावतो. बैलाले जेवाचं आवतन देणं आपल्या नशिबात नाई.”

बाहेर कुठं तरी अडीचचा ठोका पडला. देवाजी उठला. पेन्सिल खिशात गेली.

“अजी, मार्क?”

देवाजीनं जाळीला कपाळ टेकवलं. ज्याच्या दारी बैल, तो आज त्याच्या खांद्याला हळद-लोणी लावून कानात जे म्हणतो, ते तो गव्याला हळूच म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

गव्यानं एक कान इकडं वळवला. रवंथ थांबली. बाबुलालनं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून उभा राहिला.