शेपटीचा शब्द

कृष्णकांत वर्तकांना माणसं परत पाठवायची भारी हौस. पनवेलच्या त्या सायकल ग्रुपमध्ये कुणाला धाप लागली, कुणी चढावर उतरून सायकल हातात धरली, की काका मागून शांतपणे यायचे आणि म्हणायचे, "रिक्षा बघ. घरी जा, पोहे खा, झोप काढ." मनस्वीला त्यांनी पळस्पे फाट्यावरून असंच धाडलं. बिचारी सगळ्यांदेखत रडली. काकांना त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही, उलट घरी जाऊन वसुंधराकाकूंना त्यांनी तिची नक्कल करून दाखवली.

हा अधिकार शेपटीचा. ग्रुपमध्ये सगळ्यात मागे राहणाऱ्याला शेपटी म्हणत. शेपटीने कुणाला ओलांडायचं नाही, आणि फेरी संपली की कोण कमी पडलं ते सांगायचं. तो शब्द शेवटचा. ग्रुप काकांनी सुरू केला तेव्हा नियमही त्यांनीच घातला, पण स्वतः मात्र कायम पुढे असायचे. मागच्या दिवाळीनंतर नवा कॅप्टन अवधूत म्हणाला, "काका, मागची जबाबदारी अनुभवी माणसालाच द्यावी लागते." सत्तरीला टेकलेला माणूस, पण असा फुगला म्हणता!

आणि आता प्रश्न होता लंगकावीचा. मलेशियातलं हे बेट काकांनीच शोधून काढलं होतं. समुद्राच्या कडेकडेने रस्ता, मध्येच भातशेती, मग गर्द झाडीतून घाट, आणि संध्याकाळी निघालो तिथेच परत. त्या फेरीचा व्हिडिओ ते रोज जेवताना बघत. ती फेरी पायडल मारून पुरी केली की मग काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. बायको गेली तरी चालेल, पण लंगकावी हुकायला नको, इथवर गाडी आली होती.

जायच्या आधी उरणला चाचणी ठरली. उरणही एके काळी बेटच. डोंगराला वळसा घालून करंजा, तिथून समुद्राच्या बाजूने परत आणि शेवट मोरा जेट्टीवर. इथे जो कमी पडेल तो लंगकावीला नाही. कोण कमी पडलं ते सांगणार अर्थात शेपटी.

काकांनी बकरा आधीच हेरून ठेवला होता. नेऱ्याचा हृतिक भोपी. आगरी पोरगा, दणदणीत अंगाचा, महागड्या सायकलवर बसलेला. करंजा मागे पडलं तसा समोरून समुद्राचा वारा सुटला. बाकीचे केव्हाच दिसेनासे झाले, आणि हृतिक आपला काकांच्या पुढे हातभर अंतरावर निवांत चाललेला. डावीकडे ऊन पडलेलं पाणी चकचकत होतं, माड डोलत होते. काकांचं लक्ष मात्र त्या रुंद पाठीवर.

"हृतिक, अरे म्हैस तरी बरी चालते," काका म्हणाले. पोरगा आपल्या चालीने पायडल मारत राहिला.

"बापाने जमीन विकून सायकल घेऊन दिली. पाय कुठून आणणार?"

तरी गप्प. आता गप्प बसलेल्या माणसाला पाहून काकांना आणखी चेव यायचा. "आजोबा मिठागरात राबले ना तुझे? त्यांना बसवलं असतं या सायकलवर, तर तुझ्यापुढे गेले असते. तुमच्यात आता नुसती चरबी राहिली."

हृतिकने मान वळवली. आवाज चढवला नाही.

"काका, आजोबाला मदी आनू नका. मी हलू का चाललोय ते म्हाइत नाय तुमाला. अवधूतदादा बोलला, काकांना वारा झेपत नाय, तू आंगानं मोठा हायेस, त्यांच्या म्होरं ऱ्हा. गेल्या धा रविवारी पाळीपाळीनं कोन ना कोन ऱ्हातोय तुमच्या म्होरं. तुमी शेपटी नाय, काका. तुमाला सांभाळून न्यायला लागतंय."

एवढं बोलून तो नुसता उभा राहिला पायडलवर, आणि गेला. गेला म्हणजे बघता बघता वळणाआड.

मग वारा लागला. इतका वेळ त्या पाठीने अडवलेला सगळा वारा काकांच्या छातीवर आला, आणि सायकल जागीच रुतल्यासारखी झाली. ते हलका गिअर टाकून बघत राहिले, उतरले, परत चढले. पुढे चढावर तर सायकल हातातच धरावी लागली. मासळीच्या टोपल्या मागे बांधलेली एक बाई स्कूटीवरून शेजारून गेली आणि तिने विचारलं, "बाबा, रिक्षा बोलवू का?" काकांना तिला थोबाडावं असं वाटलं. पण थोबाडायलाही दम लागतो.

मोऱ्याला पोचले तेव्हा सगळ्यांचं खाऊन झालं होतं. हृतिक कठड्यावर बसून चहा पीत होता. कुणी हसलं नाही. अवधूतने पाण्याची बाटली दिली, काकांची धाप बसू दिली, आणि मग सगळ्यांसमोर अगदी अदबीने विचारलं, "काका, शेपटीचा शब्द. कोण कमी पडलं?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मनस्वीही बघत होती. सगळ्यांना ठाऊक आहे हे काकांना कळत होतं, आणि तरी जीभ ऐकेना.

"हृतिक," ते म्हणाले. "फार मागे पडतो."

हृतिकने चहाचा घोट घेतला.

"हृतिकचं तिकीट परवाच निघालंय," अवधूत म्हणाला. "सगळ्यांचीच निघालीत. तुमचं सोडून. आजची चाचणी तुमच्याचसाठी होती, काका. वाटलं, तुम्ही स्वतःहून म्हणाल, मी थांबतो. मग आम्ही हार घालणार होतो, मनस्वीने आणलाय." हाराची पिशवी मनस्वीच्या हँडलला लटकत होती. तिने ती काढून सॅकमध्ये कोंबली.

काकांनी झाकण लावून बाटली अवधूतला परत दिली.

"चला, लंगकावीवाल्यांचा फोटो," कुणीतरी म्हणालं. सगळे सायकली घेऊन कठड्याशी दाटीने उभे राहिले. फोटो काढायला कुणी उरलं नव्हतं. मनस्वी पुढे आली आणि तिने आपला फोन काकांच्या हातात ठेवला.

"आडवा धरा काका," ती म्हणाली, "आणि जरा मागे सरका. अजून थोडं. अजून."

काका मागे सरकत राहिले.