अर्धा हीटर

"हीटर ठणठणीत आहे बाबा, थंडी तुमच्या वयाला वाजतेय," विजेच्या बिलावरून सदा कुरकुरणारा वायरमन मुलगा म्हणाला आणि कामावर निघून गेला.

बाबाही चाळीस वर्षं वायरमनच होते. त्यांचं डोकं सणकलं. त्यांनी कपाटातून जुना मीटर काढला. व्होल्टेज भरलं दोनशे तीस, करंट चार अँपिअर. गुणाकार तोंडपाठच, नऊशे वीस वॅट. हीटरवर मात्र अठराशे छापलेले. भागाकार केला, तर रेझिस्टन्स साडेसत्तावन्न ओहम, असायला हवा त्याच्या दुप्पट. म्हणजे आतल्या दोन कॉइलपैकी एकच चालत होती.

दुसरी जळली असेल, असं पुटपुटत त्यांनी प्लग काढला आणि झाकण उघडलं. कॉइल धडधाकट होती. तिची वायर सोडवून, टोक दुमडून, त्यावर अर्ध्यावर अर्धा वेढा चढवत कुणीतरी टेप गुंडाळली होती. अशी टेप गुंडाळायला बाबांनी एकाच माणसाला शिकवलं होतं, तेही कान पिळून.

वायर न जोडताच त्यांनी झाकण लावलं आणि सुनेला हाक मारली.

"नवऱ्याला सांग, काम चोख केलंय. मी शिकवलं होतं, अगदी तसं."