बूड टेका, नाहीतर बुडा

"बूड टेका रे, नाहीतर बुडा!"

बाबांची ती आरोळी थोरलीच्या कानात अजून डुचमळत असे. ती एवढीशी होती तेव्हापासूनची. होडी धक्क्यावरून सुटली की बाबा मागच्या फळीवरून ती ठोकायचे, आणि उभी असलेली भलीभली, कडक इस्त्रीची माणसंसुद्धा धपकन खाली बसायची. पण शाळेतल्या पोरींनी त्या आरोळीपायी तिला 'बूडवाली' म्हणून इतकं पिडलं, की थोरलीने मनाशी गाठ बांधली. होडी चालवीन, पण हा शब्द जिभेवर आणणार नाही.

पुढे बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि वल्ही तिच्या हाती आली. वल्ही दिली, तरी एक शब्द बाबांनी दिला नाही. कालपरवा मिसरूड फुटलेल्या नावाड्यालाही ते 'तांडेल' म्हणायचे. तांडेल म्हणजे होडीचा धनी, बसलेल्यांच्या जिवाचा राखणदार. लेकीला मात्र म्हणायचे 'वल्हवणारी'. तिने छेडलं की उत्तर ठरलेलं, "तुझ्या आवाजाला माणसं खाली बसू देत, मग बघू." तिच्या होडीत त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. पैलतीरी जायचं झालं तर लांबच्या पुलावरून बसने जात आणि वर म्हणत, "खिडकीची हवा छान लागते."

ते थोरलीला काट्यासारखं सलायचं. कारण कामात ती कुठेच उणी नव्हती. होडीच्या बाहेरच्या अंगाला तिने पांढरा पट्टा रंगवला होता. पट्टा पाण्याखाली गेला, की शेवटी चढलेल्याने उतरायचं, मग तो कुणी का असेना. जड सामान तळाला, मधोमध. लाइफ जॅकेट अंगात, बंद लावून. नियम लोखंडाचे, पण सांगणं लोण्याचं. "बसता का जरा? प्लीज?" लोक गोड हसायचे, आणि तसेच उभे राहायचे.

त्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. होडीत आधी शिंपीकाका चढले, त्यांच्यामागे त्यांची मुलगी, नवे जावईबापू आणि शिलाई मशीन. काकांनी मशीन आडव्या फळीवर चढवलं, थोरलीने ते उचलून तळाशी पोत्यावर ठेवलं.

"अगं, खाली ओल असते, गंज चढेल!"

"गंज पुसता येतो, काका. होडी कलंडली तर मशीन नदीचे कपडे शिवेल."

मग आणखी चारदोन माणसं बसली, आणि सगळ्यांत शेवटी चढली आत्या. पांढरा पट्टा दिसेनासा झाला.

"आत्या, उतरावं लागेल. पुढच्या खेपेला नेते."

"मला काय हत्तीण समजतेस? अंगाखांद्यावर खेळवलंय तुला!"

"म्हणूनच तुला बुडवायची नाही."

आत्या फणकाऱ्याने उतरली आणि धक्क्यावरच्या बाकावर बाबांशेजारी जाऊन बसली. "तुझी पोरगी शेफारलीय हो!" थोरलीने सगळ्यांचे बंद तपासले, मगच दोर सोडला.

नदी ऊन अंगावर घेऊन पसरली होती. वल्हं बुडे, वल्हं उठे, थेंबांची माळ तुटे. मध्यावर होडी आली तोच वरच्या अंगाने मोठी लाँच भोंगा वाजवत निघाली. जावईबापू मोबाइल घेऊन ताडकन उभे राहिले. "मागे लाँच, पुढे तुम्ही! सगळे इकडे सरका!"

"बसा ना, प्लीज," थोरली म्हणाली.

"एकच फोटो, ताई!"

आणि सगळे सरकले. एकाच अंगाला. होडीची एक कड पाण्याला टेकली, दुसरी आभाळाकडे उठली. लाँच निघून गेली होती, पण तिच्या लाटा बाजूने चालून येत होत्या, एकीमागे एक. आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली आरोळी थोरलीच्या तोंडून फुटली.

"बूड टेका रे, नाहीतर बुडा!"

जावईबापू होते तिथेच, तळाच्या पाण्यात, फतकल मारून बसले. बाकीचेही फळ्यांवर आदळले.

"मधे सरका! कड सोडा, फळी धरा!"

कुणी 'का' म्हटलं नाही. थोरलीने एक वल्हं रोवलं, दुसरं जीव खाऊन ओढलं, आणि होडीचं तोंड लाटेसमोर आणलं. पहिल्या लाटेने उचलून आपटलं. दुसरी ओंजळ भरभरून आत सांडली. "डबा घ्या, उपसा!" डबा हाताला लागेना तेव्हा जावईबापूंनी नवाकोरा बूट काढला आणि त्यानेच उपसायला लागले. तिसरी लाट आली ती पाळण्यासारखी झुलवून गेली.

होडी सरळ उभी होती. माणूस न् माणूस जागच्या जागी होतं.

मग शिंपीकाका हळूच म्हणाले, "जावईबापू, पँट उसवली असेल तर सांगा. मशीन सोबतच आहे."

होडीभर हसू फुटलं. पैलतीर येईपर्यंत ते ओसरलं नाही. थोरलीच्या वल्ह्यांची लय चुकली नाही. जावईबापू उतरताना एका पायात बूट घालून तिच्यापुढे वाकले. "पुन्हा उभा राहणार नाही, ताई. कुणाच्या लग्नाच्या फोटोतही बसूनच राहीन."

ती परतली तेव्हा आत्या धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "काय गं तो आवाज! इथवर आला. बाकावर बसलेली मी, उठून पुन्हा बसले!"

तिच्यामागून बाबा पायऱ्या उतरत होते. एकेक पायरी, गुडघ्यांची मनधरणी करत. थोरलीने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. वाकून, होडीच्या बरोबर मधोमध पाऊल टाकलं. जॅकेट चढवलं, बंद लावले, ओढून पाहिले. आत्याही चढली. थोरलीने बाहेर वाकून पाहिलं, पांढरा पट्टा पाण्यावर लखलखत होता.

बाबा अजून उभेच होते, पाण्याकडे बघत.

"बाबा," थोरलीने खडसावलं, "बूड टेका."

बाबा बसले. दोन्ही हातांनी त्यांनी फळी धरली.

"टेकलंय," ते म्हणाले. "सोड दोर, तांडेल."