गॅरेजमधल्या गाद्या

मायरनची कंबर धरली, म्हणून त्या दिवशी वर्ना स्पेन्स माझ्या ट्रकमध्ये बसली. घर बदलताना लोकांना जे सामान नको असतं ते आमची संस्था उचलते आणि ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांच्याकडे पोचवते. कॅनडातल्या विनिपेग शहरभर ट्रक फिरवायचं काम माझं, उचलायला मायरन. त्याला वाकताच येईना, तेव्हा सामान जिच्या घरी जायचं होतं त्या वर्नालाच मी फोन केला.

"हात लावायला येतेस का गं?"

"माझंच सामान आहे. मी नाही तर कोण येणार!"

वर्ना उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतली. वणव्यात गाव रिकामं करावं लागलं, तेव्हापासून दोन नातींना घेऊन मोटेलच्या एका खोलीत राहत होती. आता कुठे तिला भाड्याचा फ्लॅट मिळाला होता, पण आत फक्त भिंती. पोरी अंगातले कोट जमिनीवर पसरून त्यावर झोपत होत्या.

कँडेस व्हिटलॉ नावाच्या बाईंनी फोनवर आम्हाला कबूल केलं होतं: आपल्या मुलींचे दोन पलंग गाद्यांसकट, जेवणाचं टेबल, खुर्च्या, स्वयंपाकाची भांडी. "सगळं नव्यासारखं आहे हो, टाकवत नाही." वर्नानं वाटेत टेबल कुठे ठेवायचं, तेसुद्धा ठरवून टाकलं. खिडकीपाशी, म्हणजे पोरींना अभ्यासाला उजेड.

घर मोठं होतं, दारात 'विकले' अशी पाटी. बाई हातात कॉफीचा कप घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी गॅरेजचं दार वर केलं.

टेबल नव्हतं.

"टेबल माझ्या दिराला आवडलं," बाई म्हणाल्या. "आणि पलंग विकले गेले. पण गाद्या आहेत ना! भांडीही आहेत."

भांडी म्हणजे काळा थर सोलून निघालेले तवे आणि झाकण नसलेला कुकर. खुर्च्या तीन, त्यातल्या दोनांच्या पाठी तुटलेल्या. एका खोक्यात अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या आणि दुसऱ्यात उघडलेल्या मसाल्यांच्या बाटल्या. गाद्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मधोमध पिवळे डाग, आणि वास असा की मी एक पाऊल मागे आले.

"हे काय आहे हो?" मी विचारलं.

"काही नाही, आमचा कुत्रा झोपायचा त्यांच्यावर, बेली. म्हातारा झालाय बिचारा, त्याला आवरत नाही. जरा उन्हात टाकल्या की झालं."

ऑक्टोबरचा शेवट होता, विनिपेगमध्ये थंडी सुरू झाली होती. ऊन कुठलं?

वर्नानं विचारलं, "आता कुठे झोपतो बेली?"

"अहो, नव्या घरी त्याला खास गादी घेतलीये. डॉक्टरांनीच सांगितलं, सांधे दुखतात ना त्याचे."

वर्ना मोठ्यांदा हसली. बाईही हसल्या, त्यांना वाटलं, कुत्र्याचं कौतुक चाललंय.

"हे सगळं कोणाकडे जाणार?" त्यांनी विचारलं.

"एक आजी आहे," वर्ना म्हणाली. "दोन नाती आहेत तिला."

"अरेरे! तिला सांगा हं, आम्ही अगदी मनापासून दिलंय. ज्यांच्याकडे काहीच नसतं, त्यांना याचंसुद्धा केवढं अप्रूप!"

"सांगते," वर्ना म्हणाली. तिनं गाद्यांवरून एकदा नजर फिरवली. "सांगितलं. ती नको म्हणाली."

बाईंना कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी त्यांच्या मानेवर लाली चढली. "म्हणजे तुम्ही... मग तर तुम्ही आभार मानायला हवेत! आजकाल गरिबांनासुद्धा निवड करायची असते वाटतं?"

"गरिबांना नाक असतं, बाई," वर्ना म्हणाली आणि जाऊन ट्रकमध्ये बसली.

बाईंनी तिथूनच आमच्या संस्थाप्रमुखाला, रसेलला, फोन लावला. पाच मिनिटांत माझा फोन वाजला.

"मारुसिया, भर ते सामान," रसेल म्हणाला. "घर संध्याकाळी ताब्यात द्यायचंय त्यांना. आणि त्या बाईंचा नवरा आपला देणगीदार आहे. भर आणि येताना कचरा डेपोत टाकून ये."

"म्हणजे आपण त्यांचे कचरेवाले?"

"वाद नको."

"वादच करणार आहे मी! कचऱ्याची गाडी बोलवायचे पैसे वाचवायचे आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं? मी भरणार नाही."

मी रिकामा ट्रक वळवला. आरशात बाई दिसत होत्या, उघड्या गॅरेजसमोर, हातवारे करत. वर्नाला मी तिच्या फ्लॅटपाशी सोडलं. उतरताना ती म्हणाली, "पोरींना सांगून आले होते, आज पलंग येणार म्हणून."

दुसऱ्या दिवशी रसेलनं मला केबिनमध्ये बोलावलं. सामान त्यानं दुसऱ्या ड्रायव्हरकडून उचलून घेतलं होतं आणि ते थेट डेपोत गेलं होतं. व्हिटलॉबाईंना आभाराचं पत्रही गेलं होतं. हे मी कसंबसं गिळलं. पण तो पुढे म्हणाला, "आणि त्या स्पेन्सबाईंचा सामानाच्या यादीतला नंबर तळाला गेला. दिलेलं नाकारलं की नंबर जातो. नियम आहे."

"तिनं नाकारलं ते तू डेपोत फेकलंस!" मी ओरडले. बाहेरच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "जे तू स्वतः कचऱ्यात टाकलंस, ते घेतलं नाही म्हणून शिक्षा तिला? तुझ्या पोरांना झोपव की एक रात्र त्या गादीवर!"

"आवाज खाली कर."

मी आवाज खाली केला नाही. किल्ल्या त्याच्या टेबलावर आपटल्या आणि निघून आले. मायरन पट्टा बांधलेल्या कंबरेनं माझ्या मागोमाग आला. त्या आठवड्यात आणखी दोघा ड्रायव्हरांनी ट्रक काढायला नकार दिला. मग संस्थेच्या समितीची बैठक झाली, वर्नाचा नंबर होता तिथे परत आला आणि मीही ट्रकच्या किल्ल्या परत घेतल्या. नियम मात्र कागदावर तसाच आहे. रसेलही खुर्चीवर तसाच आहे. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

नोव्हेंबरात एका निवृत्त शिक्षिकेकडून वर-खाली जोडलेला पलंग मिळाला. गाद्यांवर धुतलेल्या चादरी घडी घालून ठेवल्या होत्या. आम्ही तो वर्नाच्या तिसऱ्या मजल्यावर चढवला, तेव्हा मी घामानं निथळत होते. वर कोणी झोपायचं यावरून दोघी पोरींची जुंपली, आणि वर्ना दारात उभी राहून क्री भाषेत दोघींना रागवत होती.