सकाळची डबी

टक्क.

डबीचं झाकण मथुराच्या हातातून निसटलं आणि दळणाच्या पत्र्याच्या डब्यावर आपटलं. आवाज तो केवढासा, पण सगळं घर गप्प असताना तिला वाटलं, मांडणीवरचा हंडाच कोसळला. ती तशीच वाकून उभी राहिली, श्वास धरून. पलीकडच्या खोलीत सासूचं, कुशाबाईचं घोरणं जरा अडखळलं आणि पुन्हा लागलं. सासूच्याच गोधडीत समू झोपली होती. चार वर्षांची पोर, पण गेल्या आठवड्यापासून आईजवळ निजत नव्हती. नर्सबाईनंच तसं सांगितलं होतं, टीबीची तपासणी होईस्तोवर.

झाकण चाचपडून उचललं, पदराला पुसलं आणि मागलं दार हलक्या हातानं उघडून मथुरा परसात आली.

माघातली पहाट होती. नाणेघाटाकडून येणारं वारं घाटघर गावात अशा वेळी अंगातून आरपार जातं. गोठ्याच्या आडोशाला उभी राहून ती हातातल्या डबीकडे बघत राहिली. रुंद तोंडाची, पांढरी, प्लास्टिकची डबी. नर्सबाईनं ओसरीवर बसून दिली होती आणि लहान पोराला समजवावं तसं समजावलं होतं. "उठल्या उठल्या, चहाच्या आधी. साध्या पाण्यानं चूळ भरायची. मिशरी लावायची नाय. मग मोकळ्या जाग्यात उभं राहायचं, खोल श्वास घ्यायचा, सोडायचा, परत घ्यायचा आन् छातीच्या तळातनं खोकायचं. आतला बेडका पायजे हां मथुरा, तोंडातली लाळ नको. लाळंत काय बी दिसत न्हाई."

नर्सबाईनं ते बजावण्यासाठी सांगितलं होतं. मथुराच्या मनात मात्र तेवढंच एक वाक्य दोन दिवस घोळत राहिलं होतं. लाळंत काय बी दिसत न्हाई.

दिवाळीत धरलेला खोकला संक्रांत गेली तरी सुटला नव्हता. दिवस कलला की अंग कोमट व्हायचं. हातातल्या बांगड्या आताशा वर सारल्या की थेट कोपराशी जायच्या. आणि मागच्या शनिवारी नारायणगावाहून नवरा, कुंडलिक, आला होता. तो तिकडं मार्केटात टोमॅटोच्या क्रेटी भरायच्या कामावर होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. रात्री तो आईशी हळू बोलत होता. "काय निघालंच तर तिला माहेरी धाडू. बरी झाली की येईल. पोर राहील हितं." चुलीपुढे बसलेल्या मथुराच्या हातातला पापड तेव्हा जळून काळा झाला.

माहेरी धाडू म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या अलीकडे. तिथं गोठ्याशेजारच्या पडवीत तिची अंबूआत्या राहायची. ह्याच खोकल्यापायी सासरहून परत धाडलेली. तिची जर्मनची ताटली वेगळी, पेला वेगळा, भाकरी लांबूनच वाढायची. मथुरा तेव्हा शाळेत होती. आत्या म्हणायची, "जवळ येऊ नको बये, तिथनंच धडा वाचून दाव." मथुरा लांब उभी राहून मोठमोठ्यानं वाचायची आणि आत्या पडवीत बसून ऐकायची. आत्याची मुलगी सासरीच राहिली होती. ती कधी भेटायला आली नाही. आत्या गेली तेव्हासुद्धा नाही.

मथुरानं चूळ भरली. खोल श्वास घेतला. छातीत कुठंतरी खडबडलं आणि खोकला वर यायला लागला. तो येताना तिला चांगला ओळखू येत होता, घट्ट, जड. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं ताडताड उडाली, पण आलेलं सगळं तिनं परत गिळलं. मग जिभेनं तोंडातली लाळ गोळा केली आणि डबीत थुंकली. पाण्यासारखी. झाकण घट्ट फिरवलं.

मागं वळली तर दारात समू. अनवाणी, डोळे चोळत.

"आई, तू काय करतीस?"

मथुरानं डबी पदराआड केली. "काय न्हाई गं. गार लागंल, आत जा."

"तू काय गिळलंस?"

"कुनाला सांगू नको हां सोन्या. जा, आजीपाशी नीज."

सकाळच्या एसटीत गर्दी होती. कुशाबाईनं खिडकीची जागा धरून सुनेला बसवलं. मथुरानं डबीची पिशवी छातीशी धरलेली. पुढच्या बाकावरच्या गेणभाऊंनी मान वळवली.

"काय मथुराबाई, पिशवी लई जपून धरली. सोनं मोडाया निघाल्या का जुन्नरला?"

"सोनंच हाय," कुशाबाई म्हणाली. "पन तुमाला दावायचं न्हाई. तुमची नजर लई वाईट. मागं आमच्या म्हशीला चांगली म्हनला, तर तिनं दुसऱ्या दिवशी दूध चोरलं."

गाडी हसली. मथुराही हसली, आणि हसण्यातून खोकला सुटला. तो थांबेना. गेणभाऊंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी मान पुढं केली आणि मग जुन्नर येईपर्यंत मागं बघितलं नाही. शेजारच्या बाईनं लेकराचं तोंड पदराखाली घेतलं. मथुरानं ते पाहिलं. पिशवी तिनं आणखी घट्ट धरली.

दवाखान्यात लॅबवाल्या बाईच्या खिडकीपुढे रांग होती. मथुराची डबी तिनं उजेडाकडं धरून बघितली. "पातळ दिसतंय हो. नीट खोकून दिलंय ना?"

"व्हय."

"आता आणखी एक लागेल. मागच्या अंगणात जा, झाडाखाली. घाई करू नका, खालून येऊ द्या."

मथुरा झाडाखाली गेली. तिथंही तिनं तेच केलं.

दुपारी कागद हातात आला. काही सापडलं नव्हतं. लॅबवाली बाई मात्र म्हणाली, "ह्याच्यावर विसंबू नका बरं का. खोकला राहिला तर पुन्हा यायचं. ही रिकामी डबी घेऊन जा, सकाळचं आणा." पण कुशाबाईनं त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं. दवाखान्याच्या फाटकातच तिनं दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. बाजारातून पावशेर जिलबी घेतली.

"आता पोरीला तुझ्यापाशी घे बाई," परतीच्या गाडीत ती म्हणाली. "रोज रातच्याला लाथा घालून माझ्या बरगड्या मोडल्या तिनं."

त्या रात्री समू आईच्या गोधडीत शिरली ती मांजरासारखी. गार पाय आईच्या पोटऱ्यांना लावले, एक हात गळ्यात टाकला आणि तोंड अगदी तोंडापाशी आणलं. तिच्या श्वासाला जिलबीचा वास येत होता. मथुरानं किती दिवस ह्याचीच वाट बघितली होती.

ती भिंतीकडं वळली.

"आई, हिकडं तोंड कर."

"माझी पाठ दुखती गं."

"मग मी तिकडं येते." समू तिच्या अंगावरून चढून भिंतीकडच्या बाजूला आली.

मथुरानं श्वास धरला. जमेल तेवढा धरला. सोडताना मान वर करून सोडला. समू झोपली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं, आणि मथुरा अंधारात त्या उघड्या तोंडावर पदर धरून बसली. दुसऱ्या रात्री तेच. जेवताना समू म्हणायची, "आई, घास तुझ्या हातचा," आणि मथुरा काहीतरी काम काढून उठायची. पोर एकदा शिंकली तर हिनं हातातलं काम टाकून तिचं कपाळ चाचपलं. सांगावं तर पडवी आणि वेगळी ताटली. न सांगावं तर पोरीला धोका. कुशाबाई आनंदात होती. शेजारणीला सांगत होती, "आमच्या सुनेला काय बी न्हाई, नुस्तं थंडीचं हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मथुरा पाण्याची कळशी घेऊन आली, तर ओसरीवर कुशाबाई सुपात तांदूळ पाखडत होती आणि समोर समूचा खेळ चालला होता. चिंध्यांची बाहुली भिंतीला टेकवलेली. समूनं डोक्यावरून टॉवेल घेतला होता. हातात ती रिकामी डबी.

"आजे, मी आई झाले."

"बरं बाई. मग काय करती तुझी आई? भाकरी?"

"न्हाई. आई दवाखान्याचं करती." समूनं टॉवेलचा बोळा तोंडात घातला, गाल फुगवले, डोळे मोठे केले. मग बोळा काढला, गटकन गिळल्यासारखं केलं आणि डबीत नाजूकपणे थुंकली. झाकण फिरवलं. "झालं. आता यष्टीनं जायचं."

कुशाबाईचं सूप थांबलं. "अगं, खोकायचं असतंय त्येच्यात."

"न्हाई आजे. खोकला गिळायचा, मग थू करायचं. आईनं तसंच केलं. मी बगितलं ना, गोठ्यापाशी."

"कवा?"

"तुमी जुन्नरला गेला त्या दिशी. आई म्हनली, कुनाला सांगू नको. मी सांगत न्हाई. मी खेळतीय."

मथुराच्या कमरेवरची कळशी कलली. पाणी पायांवर सांडत राहिलं. कुशाबाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं, मग सांडणाऱ्या पाण्याकडं.

"समे, डबी ठेव खाली. हात धू. साबनानं धू." पोर मोरीकडं पळाली तशी ती म्हणाली, "खरं हाय का?"

मथुरानं मान डोलावली.

"दोन राती पोर तुझ्या तोंडापाशी निजली, मथुरे."

"मी तोंड फिरवून निजते."

"कशापायी केलंस?"

"मला माहेरी धाडाल. पोर ठेवून घ्याल. मी ऐकलंय, हे म्हनत व्हते."

"त्याला काय कळतंय! क्रेटीत टमाटी भरता भरता अक्कल बी भरून धाडली त्यानं मुंबईला." कुशाबाई एरवी असं बोलली की स्वतःच हसायची. आज ती हसली नाही.

"मग तुमी धाडनार न्हाई ना?"

कुशाबाईनं तांदळाचं सूप पुढं ओढलं. त्यात एक खडा होता, तो तिनं वेचून अंगणात टाकला.

"नर्सबाई म्हनली, औषीद हाय. सरकारी, फुकट. रोजच्या रोज घ्यायचं," ती म्हणाली. "तेवढंच मला ठावं हाय. पुढचं मला ठावं न्हाई. उद्या खरं दे."

संध्याकाळी ती स्वतः चपला घालून नर्सबाईच्या खोलीवर गेली आणि समूनं उष्टावलेल्या डबीच्या बदल्यात नवी घेऊन आली. येऊन तिनं मथुराला जेवायला वाढलं. रोजच्याच ताटात वाढलं. पण जेवणं झाल्यावर ते ताट आणि मथुराचा पेला तिनं वेगळे घासले आणि मांडणीच्या खालच्या फळीवर, बाकीच्या भांड्यांपासून लांब, पालथे घातले. मथुरा दिवा मालवेपर्यंत त्या पालथ्या पेल्याकडं बघत होती. समूला आजीनं आपल्या गोधडीत ओढून घेतलं, तेव्हा पोर आधी रडली, मग झोपली.

पहाटे मथुरा परसात आली. जीवधन किल्ल्याच्या कड्यामागं अजून चांदण्या होत्या. चूळ भरली. डबी दोन्ही हातांत धरली. श्वास आत घेतला, सोडला, परत घेतला. छातीत खडबडलं. पदर ह्या वेळी तिनं कमरेला खोचला होता.

खोकला आला तो तिला वाकवूनच. गोठ्यातली म्हैस दचकून उठली. तिनं गोठ्याच्या मेढीला एक हात टेकवला, आणि जे वर आलं ते सगळं डबीत येऊ दिलं. मग अंधुक उजेडात डबी डोळ्यांजवळ नेली. घट्ट, पिवळट, आणि त्यात एक बारीक लाल रेघ, कुंकवाची ओढल्यासारखी. ती तिथंच दगडावर बसली.

मागं पावलं वाजली. समू उंबऱ्यावर उभी होती, आजीची शाल अंगभर घेऊन, शालीचं टोक जमिनीवर लोळत होतं. ती पुढं यायला निघाली तसा मथुरानं तळहात उभा केला.

"तिथंच थांब गं बये. तिथनंच बोल."

बोलून गेली आणि तिला आपलाच आवाज परका वाटला. अंबूआत्या अशीच म्हणायची.

समू उंबऱ्यावरच थांबली. आईच्या हातातल्या डबीकडं तिनं निरखून बघितलं.

"आई, आज खरं खोकलीस ना?"

"व्हय."

"गिळलं न्हाईस ना?"

"न्हाई गिळलं."

समूनं शाल सावरली.

"मग आता मला जवळ घेशील ना?"