रिकाम्या घरातला भरलेला फ्रीज

मित्रांनो, जयगडच्या एका कौलारू घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा असलेला मी एक जुना फ्रीज आहे. खाऱ्या वाऱ्याने माझा लाल रंग खालून सोलला आहे आणि दार आता गुडघ्याने रेटल्याशिवाय लागत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो रत्नागिरीहून टेम्पोत बसून इथे आलो तो दिवस. चंपाबाईंनी माझ्या डोक्यावर क्रोशाचं आवरण घातलं, त्यावर बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली. "बर्फ हाय काय गो चंपा?" म्हणत शेजारणी यायच्या. माझ्या पोटात वाटलेलं खोबरं असे, सुरमईच्या तुकड्या असत. चंपाबाईंचे यजमान राजाराम बंदरावर नोकरीला होते. लेक आम्रपाली माझ्या दाराला टेकून अभ्यास करी. सगळे मला नावाजत.

मग आम्रपाली लग्न होऊन मुंबईला गेली. राजाराम निवृत्त झाले आणि थोड्याच काळात चंपाबाई आजारपणात गेल्या. घरात आवाज उरला तो माझ्या घरघरीचा.

पुढच्या उन्हाळ्यात नात सानवी येणार म्हणून राजारामांनी आंब्याच्या सरबताच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या आणून माझ्यात खच्चून भरल्या. पण सानवीचा क्लास निघाला, ती आली नाही. वाया कशाला घालवायच्या म्हणून ते दुपारी एकेक बाटली पिऊ लागले, समोर स्टुलावर बसून, माझं दार उघडंच ठेवून. आतल्या दिव्याचीही त्यांना सोबत वाटत असावी. बाटल्या संपल्या तशा त्यांनी नव्या आणल्या. हळूहळू पाण्याच्या जागीही तेच आलं.

पुढे त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद होऊ लागला. युरिक अ‍ॅसिड वाढलंय, मासे सोडा, असं कुणीतरी सांगितलं. जयगडच्या या माणसाने मासे सोडले! तरी दुखणं काही सोडेना. मग ते दुकानातली दुखण्याची गोळी घेत आणि सरबताच्या घोटाबरोबर गिळत.

आम्रपाली फोनवर विचारी, "बाबा, मासे बंद आहेत ना?"

"बंद हायत गो बाय."

फोन ठेवला की घर पुन्हा गप्प.

एका सकाळी त्यांना पाय जमिनीला टेकवेना. शेजारचे आत्माराम आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर अक्षयाबाईंना घेऊन आले. अंगठ्याला लावायला बर्फ हवा म्हणून डॉक्टरांनी माझं दार उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काका, हे सगळं कोण पितं?"

"मीच. हितं दुसरा कोण हाय?"

त्या स्टूल ओढून बसल्या. "मासे सोडलेत, पण या गोडाचं काय? या साखरेत फ्रुक्टोज असतं. ते यकृतात गेलं की युरिक अ‍ॅसिड वाढतं, चरबीही साठते. ते अ‍ॅसिड बाहेर टाकायचं काम किडनीचं. तिला झेपलं नाही की त्याचे बारीक खडे सांध्यात बसतात, किडनीलाही त्रास होतो. वर या दुखण्याच्या गोळ्या, त्याही किडनीला घातकच!"

"म्हणजे आंबा पण गेला माझा?"

"आंबा चावून खा, बेताने. बाटल्या नकोत."

रक्त तपासलं. किडनी थोडी झिजली होती. झाली ती झीज भरून येणार नव्हती, पण जपलं तर तिथेच थांबण्याची आशा होती. आम्रपाली धावत आली. राजारामांनी तिच्यासमोर एकेक बाटली मोरीत ओतली.

"बाबा, मला सांगायचं नाही का?"

"तू माशांचा विचारलास, मी माशांचा सांगितला."

ती माझ्या दाराला टेकून कितीतरी वेळ रडली.

आता औषधं चालू आहेत. युरिक अ‍ॅसिड उतरलं आहे, अंगठा चपलेत मावतो. माझ्यात पाण्याचा तांब्या असतो, कधी डॉक्टरांना विचारून आणलेला बांगड्याचा एखादा तुकडा. दुपारी राजाराम आत्मारामांकडे जाऊन बसतात आणि मी रिकाम्या घरात एकटाच घरघरत राहतो. माझं काही म्हणणं नाही. ते परत येतात तेव्हा त्यांची पावलं नीट पडतात, ती मी ऐकतो.

मित्रांनो, तुमचं कुणी असं एकटं राहत असेल तर नुसत्या फोनवर भागवू नका. त्यांच्या घरी जा, थोडं बसा, स्वयंपाकघरात डोकवा. आतलं सगळं आम्हाला ठाऊक असतं, पण आम्हाला बोलता येत नाही. दार तुम्हालाच उघडावं लागतं.